मोठीचा पाहुणा

जावा म्हटलं की लोक उभा दावा धरूनच चालतात. त्यामुळे त्या मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत दोन सख्ख्या जावा एकाच चादरीची चार टोकं धरून वर्षानुवर्षं समोरासमोर उभ्या आहेत, हे कळल्यावर नव्यानं कामाला लागलेला माणूस आधी हसायचा. मग तो दोघींचं काम बघायचा आणि मुकाट्यानं आपल्या कामाला लागायचा. एक मोठी, एक धाकटी. दोन भावांच्या बायका म्हणून घरात पडलेली ही नावं त्यांच्यासोबत तळघरात आली आणि तिथंच रुळली. वयानं वडील असलेला रोलरवालासुद्धा तिला मोठीच म्हणायचा, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

रोलरवाला ओलसर चादरी तापलेल्या रुळांमधून सोडायचा. पलीकडून चादर कोरडी, कडक, हाताला चटका देणारी बाहेर यायची. दोघी दोन-दोन टोकं पकडून मागं सरायच्या, चादर ताणायच्या, एक झटका द्यायच्या. उभी दुमड, परत एक उभी दुमड, आणि मग एकमेकींकडं चालत यायचं. मोठी आपली टोकं धाकटीच्या हातात द्यायची, वाकून लोंबती घडी उचलायची आणि परत मागं. यंत्रांच्या धडधडीत बोललेलं ऐकू जात नसे, आणि बोलायची गरजही नसे. जे काय सांगायचं ते कापडातून जायचं. हलकी ओढ म्हणजे थांब. दोन छोटे हिसके म्हणजे डाग दिसतोय, बाजूला टाक. टोक सैल पडलं तर समजायचं, समोरचीचं मन ठिकाणावर नाही.

चादर मध्ये असली की काही लपत नसे. धाकटीला दिवस गेलेत हे तिच्या नवऱ्याआधी मोठीला कळलं. मागं सरताना धाकटीचं टोक जरा उशिरा ताणलं जायला लागलं होतं. मोठीच्या नवऱ्याचं दुखणं साधं नाही हे डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी मोठी कुणाला काही न बोलता कामावर आली होती. पहिल्याच चादरीला धाकटीनं विचारलं, “ताई, काय झालं?” आणि मग मोठीला रडू आलं. एरवी ती रडणाऱ्यातली नव्हती. बोलणाऱ्यातलीही नव्हती. दोघींच्या वाटचं बोलणं धाकटीच बोलून टाकायची आणि वर दुसऱ्याचं थोडं उसनंही घ्यायची.

नवरा गेला. पुढं मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. धाकटीची मुलंही नोकऱ्यांमागं पांगली. राहिली समोरासमोरची दोन दारं. एका दारात धाकटी आणि तिचा वायरमन नवरा, दुसऱ्या दारात एकटी मोठी. संध्याकाळचा चहा मोठीकडं, असं न ठरवता ठरून गेलेलं होतं.

आणि अशातच एका सुट्टीच्या दुपारी, खिडकीशी बसून केस वाळवत असताना, मोठीला तो आवाज ऐकू आला.

फार खालचा, जाडसर, एकसारखा घूं. मोठीला आधी वाटलं, पाण्याचा पंप चालू राहिलाय. तिनं जिन्याखाली जाऊन पाहिलं, पंप बंद. मग वाटलं, रस्त्यावर कुणीतरी मोठी गाडी चालूच ठेवून आत गेलाय आणि यायचं नाव नाही. खिडकीतून वाकून पाहिलं तर रस्ता मोकळा, समोरच्या न्हाव्याच्या दुकानाचं शटरसुद्धा अर्धं खाली. भिंतीला कान लावला तर आवाज भिंतीत. भिंतीला कान असतात म्हणतात, या भिंतीला घसा फुटला होता. दुसऱ्या भिंतीला कान लावला तर तिथंही तेवढाच.

“अगं, तुला ऐकू येतंय का?” तिनं समोरच्या दारात जाऊन विचारलं.

धाकटी पीठ चाळत होती. चाळणी थांबवून तिनं कान टवकारले. “काय ताई?”

“घूं असं.”

“नाही बाई. आमचे हे घोरतायत, तेवढंच.”

तिचा नवरा, म्हणजे मोठीचा दीर, झोपेतून उठला आणि प्रकरण हातात घेतलं. तो पडला वायरमन. आवाज म्हटला की त्याला दोनच कारणं माहीत, एक तर जोडणी सैल आहे, नाही तर मोटर जळायला आलीय. त्यानं मोठीच्या घरातले दिवे, पंखे, फ्रीज एकेक करून बंद केले. “वहिनी, आता?” “आहे.” मेन स्विच पाडला. “आता?” “आहे.” मग त्याचा अभिमान दुखावला. पुढच्या सुट्टीला त्यानं अख्ख्या इमारतीचा मेन खाली ओढला आणि जिन्यातून ओरडून विचारलं, “वहिनी, आता तरी?” सगळी बिऱ्हाडं आपापल्या दारात येऊन मोठीच्या तोंडाकडं बघत राहिली. मोठीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खोटं कसं बोलणार? “आहे, भावोजी,” ती म्हणाली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचं आइस्क्रीम त्या भानगडीत वितळलं, ते त्यांनी दिराला पुढं वर्षभर ऐकवलं.

हार मानल्यावर माणूस थट्टेवर येतो. दीर त्या आवाजाला पाहुणा म्हणायला लागला. “काय वहिनी, पाहुणा आहे का घरी? एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. याची तर कधीच गेली.” धाकटीनं डोळे वटारले, एकट्या बाईला असं काय बोलायचं म्हणून. पण मोठी हसली. तिला नाव आवडलं. त्या दिवसापासून तो पाहुणाच झाला.

धाकटीचा तर्क वेगळा होता. एकदा चहा पिताना ती दबकत म्हणाली, “ताई, दादा तर नसतील?”

“हे?” मोठी म्हणाली. “जिवंतपणी चार हाका मारल्या तर एकदा ‘हूं’ करायचे. आता कुणी न विचारता दिवसभर ‘हूं’ करत बसतील होय?”

दोघी इतक्या हसल्या की धाकटीला ठसका लागला. हसून झाल्यावर मात्र मोठीला नवऱ्याची आठवण आली आणि ती कप विसळायला उठली.

मुलीला फोनवर सांगितलं तर मुलगी घाबरली. मोठीनं फोन खिडकीशी नेऊन धरला. “आता ऐक. आला?” पलीकडून मुलीनं कान देऊन ऐकलं. “आई, नळ ठिबकतोय तेवढा ऐकू येतोय. वॉशर बदलून घे. आणि कानाच्या डॉक्टरांना दाखव, माझी शपथ आहे.”

वॉशर बदलला, डॉक्टरांनाही दाखवलं. तरुण, हसऱ्या चेहऱ्याचे डॉक्टर होते. त्यांनी मोठीला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, शिटी ऐकू आली की बोट वर करा म्हणाले. मोठीनं शहाण्या विद्यार्थ्यासारखी बोटं वर केली. “कान उत्तम आहेत,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या वयाला इतके चांगले कान मी फार पाहत नाही. काहींना असा आवाज येतो. का येतो ते दरवेळी सांगता येत नाही. त्रास होतो का त्याचा?”

मोठीनं प्रामाणिकपणे विचार केला. झोप लागत होती. भूक लागत होती. “नाही,” ती म्हणाली.

“मग झालं तर. फारच वाटलं तर रेडिओ लावत जा, पंखा चालू ठेवा. तो झाकला जाईल.”

मोठी उठेना. डॉक्टरांनी जरा वाट पाहिली. “अजून काही हवंय का तुम्हाला?”

हवं होतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढावी, क्षणभर ऐकावं आणि ‘हो की, येतोय’ एवढं म्हणावं, हे हवं होतं. पण असली चिठ्ठी कुठला डॉक्टर लिहून देणार? “काही नाही,” म्हणून ती बाहेर आली. बाहेरच्या बाकावर धाकटी दोघींच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. “काय म्हणाले?” तिनं विचारलं. “कान चांगले आहेत,” मोठी म्हणाली, आणि दोघींनाही ते वाईट बातमीसारखंच वाटलं.

पुढची काही वर्षं पाहुणा राहिला. मोठीनं रेडिओ लावला नाही. दारात पाऊल टाकल्यावर तो असायचा. भाजी चिरताना असायचा. कधी जवळ, कधी लांब, आणि हवा पडली की जरा भरून आलेला. तळघरातल्या धडधडीतसुद्धा ती मन लावून त्याला शोधून काढायची, गर्दीत आपलं माणूस शोधावं तशी. सुरुवातीची भीती कधी गेली ते तिला कळलं नाही. त्याच्या जागी दुसरंच काही आलं होतं. एखादी चांगली गोष्ट एकट्यानं बघावी लागली की पोटात जे तुटतं, ते.

तिला कुणीतरी तो ऐकायला हवं होतं. कुणीतरी म्हणजे धाकटीनं. जगानं वेडी म्हटलं तरी मोठीला फिकीर नव्हती. पण जिच्याशी बाळंतपणं, आजारपणं, नवऱ्यांचे राग आणि एकच छत्री वाटून घेतली, तिच्या आणि आपल्यामध्ये एक एवढी गोष्ट आहे जी तिच्यापर्यंत पोचत नाही, हे मोठीला सहन होत नव्हतं. म्हणून मितभाषी मोठी पाहुण्याबद्दल मात्र बोलायची. आज असा आहे, काल तसा होता. तोंड मिटून कुणीतरी पलीकडच्या खोलीत गाणं म्हणतंय बघ. धाकटी हूं हूं करत ऐकायची, मान हलवायची, आणि शेवटी तिचं ठरलेलं, “मला नाही बाई येत.”

मग मोठीच्या डोक्यात एक कल्पना आली. ती दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आली नसती, कारण त्यासाठी आयुष्य चादरी धरण्यात जावं लागतं. इतकं सगळं जर कापडातून जातं, तर हा का जाऊ नये?

जेवणाच्या सुट्टीत यंत्रं बंद होती. रोलरवाला बाहेर उन्हात डबा खात होता. मोठीनं गठ्ठ्यातली एक जाड, नवी चादर काढली, दुमडून पट्टा केला, एक टोक धाकटीला दिलं आणि आपलं टोक छातीशी धरून ताण दिला. “कान लाव काठाला,” ती म्हणाली. धाकटीनं डोक्यावर हात मारून घेतला, पण कान लावला. दोघी अशा ताणून उभ्या असतानाच सुपरवायझर आत आला. बोलायच्या आधी मनगटाकडं बघायची त्याला सवय, म्हणून सगळे त्याला घड्याळ म्हणत. त्यानं मनगटाकडं बघितलं. “हे काय चाललंय?”

“चादर काय म्हणते ते ऐकतोय,” धाकटी म्हणाली.

घड्याळानं पुन्हा मनगटाकडं बघितलं आणि तो आल्या पावली परत गेला.

“आला?” मोठीनं विचारलं.

“नाही ताई.”

“डोळे मीट. आता?”

“नाही.”

“मन लावून ऐकत नाहीस तू. तुझं डोकं नेहमी दहा ठिकाणी.”

धाकटीनं कान काढला. चादर गोळा करून टेबलावर ठेवली. “मन लावून? किती वर्षं झाली ताई, तुम्ही म्हणाल तिथं कान लावतेय. भिंतीला लावला, नळाला लावला, गच्चीवरच्या टाकीला लावला, डोक्यात कोळिष्टकं घेऊन खाली आले. अजून कुठं लावू?”

“मग येत कसा नाही?”

“कारण तुम्हालाच तो मला यायला नकोय. सगळं वाटून घेतलं आपण. हे एक तुमचं एकटीचं राहावं, असं वाटतं तुम्हाला आतून.”

शब्द वर्मी लागला. अगदी खोटा असता तर लागला नसता. दोघींच्यात अबोला सुरू झाला आणि तोही कसला, तर दिवसभर एकाच चादरीला धरून. घड्या वाकड्या यायला लागल्या. चहाच्या वेळेला मोठीचं दार लोटलेलं असायचं आणि धाकटी आपल्या घरात नवऱ्यावर भांडी आपटायची. बिचारा दीर दोन्हीकडून ओढला जात होता. त्यालाच शेवटी वाटलं, आपण उगाच नाव ठेवलं पाहुणा, भोवलं.

तेवढ्यात तळघरात यंत्र आलं. घड्या घालायचं यंत्र. एका बाजूनं रोलरची चादर आत, दुसऱ्या बाजूनं घडी होऊन बाहेर. ते महिन्यांपूर्वीच ठरलेलं होतं, पण मोठीला वाटलं, आपल्या वाकड्या घड्यांनीच त्याला बोलावून आणलं. घड्याळ वाईट माणूस नव्हता. त्यानं दोघींनाही काढलं नाही. मोठीला फाटक्या चादरींना टाके घालायच्या टेबलाशी बसवायचं आणि धाकटीला वरच्या मजल्यांवर खोल्या आवरायला पाठवायचं, असं ठरलं. सांगताना त्यानं मनगटाकडं बघितलं नाही, एवढं मोठीच्या लक्षात राहिलं. यंत्राची जोडणी होईपर्यंतचे दिवस तेवढे हाताच्या घड्यांचे.

त्या दिवसांतल्या एका सुट्टीला, सकाळी, मोठी शेंगा निवडत बसली होती. आणि पाहुणा थांबला.

तो हळूहळू विरला वगैरे नाही. फ्रीज चालू असताना कळत नाही, बंद झाला की कळतं, तसं एकदम कळलं. मोठीचा हात शेंगांच्या ताटात तसाच राहिला. ती उठली, खिडकीशी गेली. भिंतीला कान लावला, दुसऱ्या भिंतीला लावला. जिन्यात आली, गच्चीवर गेली, टाकीला मिठी मारल्यासारखी उभी राहिली. खाली भाजीवाला ओरडत होता, कुणाचं तरी मूल रडत होतं, मास्तरांच्या घरात बातम्या लागल्या होत्या. सगळं नीट, स्वच्छ ऐकू येत होतं. तोच नव्हता.

घरी येऊन ती नुसती बसून राहिली. नवरा गेला तेव्हा घर भरलं होतं. कुणी डबा आणला, कुणी पाठीवर हात ठेवला, धाकटी तर रात्रंदिवस जवळ होती. पण जो कुणी ऐकलाच नव्हता, तो गेला म्हणून समाचाराला कोण येणार? आणि सांगायचं तरी कुणाला? जिला सांगायचं, तिच्याशी अबोला. शिवाय ती म्हणणार, बरं झालं, सुटलात. मोठीला सुटायचं नव्हतं. तिला तो परत हवा होता. शेंगा तशाच राहिल्या. पुढचे चार-पाच दिवस ती कामाहून आली की दिवा न लावता आधी दारात उभी राहायची, पायताण पायात तसंच, आणि ऐकायची.

यंत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी रोलरवाल्यानं शेवटची गाडी ढकलत आणली. दोघींनी टोकं उचलली. ताण, झटका, दुमड. अबोल्यातसुद्धा हातांना सगळं पाठ होतं. गाडी संपत आली. रोलरवाल्यानं रोलर बंद केला आणि तो हात पुसत बाहेर गेला. तळघर शांत झालं. एकच चादर उरली होती.

दोघी चादर घेऊन एकमेकींकडं चालत आल्या. मोठीनं टोकं पुढं केली. धाकटीनं ती घेतली नाहीत. ती तिथंच उभी राहून म्हणाली, “ताई, मला येतोय.”

“काय?”

“पाहुणा. मला ऐकू येतोय.”

किती वर्षं मोठीनं या वाक्याची वाट पाहिली होती. भाजी चिरताना, जिना चढताना, डॉक्टरांच्या काचेच्या खोलीत. आणि आता ते आलं, तर घर गेले चार-पाच दिवस रिकामं. तरी तिनं कान दिला. न जाणो. यंत्रं बंद होती, तळघर गपगार होतं, आणि त्यात काही नव्हतं. धाकटीच्या बाजूची चादर सैल पडली होती. धाकटी आजवर जेव्हा जेव्हा खोटं बोलली, मुलांच्या मार्कांबद्दल असो की नवऱ्याच्या पिण्याबद्दल, तेव्हा तिची बोटं अशीच सैल पडली होती.

मोठीला राग आला. आपल्याला लहान मुलासारखं समजावतेय ही, जाता जाता हातावर खाऊ ठेवतेय. “कसा येतोय?” तिनं जरा कडकच विचारलं.

धाकटीनं डोळे मिटले. “खालचा,” ती म्हणाली. “जाड. आणि ताई, लहानपणी आपण आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचो, आणि आई दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असायची. तेव्हा कानाला तिच्या पोटातून यायचं ना? शब्द कळायचे नाहीत, नुसता सूर यायचा. आणि वाटायचं, हिनं बोलणं थांबवू नये. तसा येतोय.”

हे मोठीचंच बोलणं होतं. फार वर्षांपूर्वी, एकदाच, भर धडधडीत, मान खाली घालून ती हे पुटपुटली होती आणि लगेच लाजली होती. धाकटीला ऐकू गेलं नाही असंच तिनं धरलं होतं, कारण धाकटीनं तेव्हा मानही हलवली नव्हती. नंतर ती स्वतःही ते विसरून गेली. धाकटी विसरली नव्हती. तिला पाहुणा कधीच ऐकू आला नव्हता, पण त्याच्याबद्दल मोठी बोलली त्यातला शब्दन् शब्द तिनं ऐकला होता आणि जपून ठेवला होता. आणि आपण हिला म्हणालो, तू मन लावून ऐकत नाहीस. मोठीला स्वतःची लाज वाटली, आणि तिला एकदम इतकं भरून आलं की पुढचं दिसेना.

खरं सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तो गेला गं, मला सोडून गेला. पण धाकटी डोळे मिटून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर देणाऱ्याची धाकधूक होती, घेतील की परत करतील. मोठीनं आपली टोकं घट्ट धरली, काठ बोटांत रुतेपर्यंत घट्ट, म्हणजे कापडातून काही जायला नको.

“हो,” ती म्हणाली. “अगदी तसाच आहे. आज तर जास्तच आहे.”

धाकटीनं डोळे उघडले. “येतोय ना?”

“येतोय की.”

मग मोठीनं टोकं तिच्या हातात दिली आणि वाकून शेवटची घडी उचलली.

आता मोठी टाक्यांच्या टेबलाशी बसते. समोर भिंत, हातात सुई, शेजारी यंत्र भराभरा घड्या घालत असतं. घड्या सरळ येतात, त्यात नाव ठेवायला जागा नाही. धाकटी वर कुठल्या तरी मजल्यावर असते. दिवसभरात दोघींची गाठ पडत नाही. संध्याकाळी मोठी आधी पोचते, चहाचं आधण ठेवते आणि जिन्यातल्या पावलांची वाट बघते. धाकटी येते, चपला काढते, आणि कपाला हात लावायच्या आधी मोठी विचारते, “आज कसा आहे गं?”

“तुम्हाला कसा वाटतोय?”

“तू सांग. तुला जास्त नीट येतो आताशा.”

आणि धाकटी सांगते. सुरुवातीला ती मोठीचेच जुने शब्द सांगायची. रस्त्यात चालू ठेवलेली गाडी, मिटल्या तोंडाचं गाणं. मोठी डोळे मिटून, कप दोन्ही हातांत धरून ऐकायची. कधीकधी, धाकटी अगदी रंगात आली की, मोठीला कानाच्या आत खोल कुठंतरी काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. ती श्वास रोखायची. पण ते तेवढंच. मग जुने शब्द संपले आणि धाकटी स्वतःचे वापरायला लागली. तिला खरंच काही येतं की नाही, हे मोठीनं कधी विचारलं नाही. तुम्हाला येतो का, असं धाकटीनंही मोठीला पुन्हा विचारलं नाही. दीर पेपर वाचता वाचता समोरच्या दारातून दोघींकडं बघायचा आणि या बायकांचं काही खरं नाही म्हणून मान हलवायचा.

एका संध्याकाळी धाकटी उशिरा आली. वरच्या मजल्यांवर गर्दी होती, तिचे पाय सुजले होते. ती खिडकीशी बसली आणि पाय चोळायला लागली.

“कसा आहे गं?” मोठीनं विचारलं.

“आज लांब गेलाय, ताई.”

“किती लांब?”

“गल्लीच्या टोकाला असेल. आहे अजून. पण तोंड तिकडं करून उभा आहे. जाऊ की थांबू, असं चाललंय त्याचं.”

हे मोठीनं तिला कधी सांगितलं नव्हतं. मोठीनं कप खाली ठेवला. बाहेर रस्त्यावर शाळेतून परतणाऱ्या मुलांचा गलका होता, त्याच्या खाली ती शोधत राहिली, आणखी खाली.

“थांब म्हणावं त्याला,” ती म्हणाली.

धाकटी हसली नाही. तिनं खिडकीचं दार पूर्ण उघडलं, गल्लीच्या टोकाकडं तोंड केलं, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, “अहो, ताई थांबा म्हणतायत.”

मग ती येऊन मोठीच्या शेजारी बसली, आणि दोघी ऐकत राहिल्या.